बळाचे प्रयोजन

शरीर कमवावे की नाही, याविषयी महाराष्ट्रात फारसा वाद कधी नव्हता; परंतु कमावलेले शरीर अखेर कोणाचे, ज्याने घाम गाळला त्याचे, की ज्याच्या हाकेला ते धावून जाईल त्याचे, हा प्रश्न आपल्या धर्मचिंतनात वारंवार उपस्थित झाला आणि प्रत्येक पिढीला तो आपापल्या परिस्थितीत नव्याने सोडवावा लागला. आमच्या पिढीपुढे तो रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत जितक्या स्पष्टपणे उभा राहिला आहे, तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. पूर्वेस भीमाशंकर, ढाक, राजमाची आणि बोरघाट यांची तटबंदी, पश्चिमेस माथेरान आणि इर्शाळ यांची रांग, आणि या दोहोंच्या मधल्या, उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या सखल प्रदेशात भातखाचरे, कारखाने, लोहमार्ग, द्रुतगती महामार्ग आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, असा हा मुलूख आहे. आठवडाभर खुर्चीवर बसून आखडलेले शरीर मोकळे करावे म्हणून शहरातील माणसे शनिवारी-रविवारी येथे उतरतात. आणि त्यांतील काही विचारी माणसांच्या मनात असे भरू लागले आहे की, व्यायामशाळेतील यंत्रांवर एकेक स्नायू सुटा करून फुगवण्यापेक्षा चालणे, धावणे, उडी घेणे, चढणे, तोल सांभाळणे, रांगणे, उचलणे, वाहून नेणे, फेकणे आणि पोहणे या मनुष्यजातीच्या मूळच्याच हालचाली पुन्हा शिकाव्यात.

हा विचार नवा नाही. जॉर्ज एबेर (१८७५-१९५७) या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने गेल्या शतकाच्या आरंभी शारीरिक शिक्षणाची जी पद्धती रचली, तिला त्याने नैसर्गिक पद्धती असेच नाव दिले आणि वर सांगितलेल्या हालचालींत आत्मसंरक्षणाची भर घालून, आणि उचलणे व वाहून नेणे यांचा एकच वर्ग धरून, तिचे दहा वर्ग पाडले. अलीकडे एर्वां ल कोर या त्याच्याच देशबांधवाने तिला पुन्हा चालना दिली आहे. परंतु एबेरचे महत्त्व त्या दहा वर्गांत नाही. १९०२ सालच्या मे महिन्यात मार्तिनिक बेटावर पले पर्वताचा स्फोट होऊन सेंट-पिएर हे शहर सुमारे तीस हजार माणसांसह क्षणार्धात भस्मसात झाले, तेव्हा तो तेथे नेमणुकीवर होता आणि लोकांच्या सुटकेच्या कामात त्याने भाग घेतला होता. त्या प्रलयाने त्याच्या मनावर असा कायमचा ठसा उमटवला की, शरीरसामर्थ्याला धैर्याची आणि परोपकारबुद्धीची जोड नसेल तर ते सामर्थ्य कवडीमोल होय. बलवान व्हावे ते उपयोगी पडण्यासाठी, हे त्याने आपल्या पद्धतीचे ब्रीद ठरवले. एका लष्करी माणसाने व्यायामाच्या पद्धतीला असे नैतिक प्रयोजन द्यावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण ते प्रयोजन बाजूला काढले की त्या साऱ्या हालचाली म्हणजे शरीराच्या कौतुकाचा आणखी एक प्रकार होऊन बसतो.

आपल्याकडे हे प्रयोजन देवालयाच्या रूपाने गावोगाव उभे होतेच. समर्थांनी मारुतीची स्थापना केली ती मूर्तिपूजेचा आणखी एक विधी वाढवावा म्हणून नव्हे. मारुतीच्या देवळाला लागून तालीम असावी आणि तालमीतून निघणारा तरुण गावाच्या कामी यावा, ही त्यामागची योजना लोकांनी अचूक ओळखली. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचा जीर्णोद्धार केला, त्याविषयीची आख्यायिका तर अशी की, सप्तशृंगीच्या डोंगरावर त्यांना ही विद्या वानररूप मारुतीने खांबावर क्रीडा करून दाखवली. आख्यायिकेचा ऐतिहासिक आधार शोधण्याचे कारण नाही. एका मोठ्या व्यायामपरंपरेने आपले गुरुपद झाडावर चढणाऱ्या प्राण्याला दिले, यातच तिची निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी दिसते. पुढे १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले तेही त्याच दैवताच्या नावाने; आणि १९२४ साली बोरघाटाच्या माथ्यावर, खोपोलीकरांना जणू हाकेच्या अंतरावर, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामांची प्रयोगशाळेत परीक्षा सुरू केली.

तेव्हा शरीराची उपेक्षा हा आपला एकमेव वारसा आहे, असे जे सरसकट म्हटले जाते ते बरोबर नाही. देहाला मलमूत्राची पिशवी म्हणणारा वैराग्याचा स्वर आपल्या वाङ्मयात आहे; परंतु देहातील भूतसमुदायाला उपाशी मारून पिळणाऱ्या तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायाने आसुरी ठरवले आहे, आणि तप करणाऱ्या पार्वतीला बटुवेशातील शंकराने शरीर हेच धर्माचे पहिले साधन असल्याची जाणीव करून दिल्याचे कालिदासाने वर्णिले आहे. शरीर हे साधन आहे एवढे मान्य झाले की वाद संपतो, असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते खरी अडचण तेथून पुढे सुरू होते, आणि ती अडचण ग्रंथांत न शोधता या दोन तालुक्यांच्या डोंगरवाटांवर शोधली पाहिजे.

खांडसहून भीमाशंकरकडे शिडीची वाट आणि गणेश घाट अशा दोन वाटा चढतात. महाशिवरात्रीला आणि श्रावणात भाविक त्यांनी ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जातात, एरवी गिर्यारोहक जातात. त्याच कड्याखालच्या रानातून सरपणाची मोळी घेऊन उतरणारी एखादी ठाकरीण पाहावी. मोळी ती प्रथम दगडाला टेकवून उभी करते. जुन्या कापडाचा पीळ घालून केलेली चुंबळ डोक्यावर बसवते. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, मोळीच्या मध्याखाली डोके घालते. जोडीदारीण हात लावते न लावते तोच एका दमात उठते, आणि पूर्ण उभी राहिल्यावरच रोखलेला श्वास सोडते. मग उतार लागतो. मान स्थिर असते, नजर चार पावले पुढे असते, पायाची बोटे ओल्या कातळाला चिमटा घेतल्यासारखी धरतात, आणि सारे अंग घोट्यापासून खांद्यापर्यंत प्रत्येक पावलाशी इतक्या सूक्ष्मपणे स्वतःला सावरीत जाते की वरची मोळी हलल्याचे दिसत नाही. एबेरच्या दहा वर्गांपैकी उचलणे-वाहणे, तोल आणि चाल हे तीन वर्ग त्या एका उतारात एकवटलेले असतात. त्याला अमुक शास्त्र म्हणतात हे तिला कोणी सांगितलेले नाही, आणि सांगितले तरी मोळीचा भार त्यामुळे हलका होणार नाही.

एबेरही अशा दृश्यांनी भारावून गेला होता. दूरदेशीच्या प्रवासांत त्याने तेथील मूळ रहिवाशांची लवचिक, चपळ, काटक शरीरे पाहिली, आणि निसर्गातील जीवनापलीकडे त्यांना कोणी व्यायामशिक्षक नाही या विचाराने तो थक्क झाला. त्याच्या निरीक्षणात सत्य होते. पण त्याने शरीर पाहिले आणि त्या शरीरावर कोणाचा हुकूम चालतो ते पाहिले नाही. आज कर्जतच्या डोंगरात जो कोणी नैसर्गिक हालचाली शिकण्यासाठी येतो, त्याला मात्र ते न पाहण्याची मुभा नाही. कारण ज्या मोळीने ठाकरणीची पाठ ताठ ठेवली, तीच मोळी वर्षानुवर्षे वाहून तिची मान आणि गुडघे अकाली झिजवते. ज्या हालचाली शहरातून आलेल्याला मुक्तीसारख्या वाटतात त्याच तिला जन्मठेपेसारख्या असू शकतात, आणि डोंगर दोघांना एकच असतो.

कातकऱ्यांची कथा याहून कठीण आहे. खैराचे लाकूड उकळून कात पाडणे हा या जमातीचा पेशा. रान हेच तिचे घर आणि तिची तालीम. इंग्रजी अमलात जंगलाचे कायदे झाले, राखीव रानांचा बंदोबस्त झाला, वहिवाटीचे हक्क दप्तरात न चढल्यामुळे गुन्हा ठरले, आणि झाडावर सरसर चढणारा कातकरी हळूहळू कोळशाच्या आणि मग विटांच्या भट्टीवर जाऊन पोचला. दिवाळीनंतर मालकाकडून उचल घ्यायची, बायकामुलांसह भट्टीवर पाल ठोकायचे, पावसाळा तोंडावर येईपर्यंत ओणव्याने चिखल तुडवायचा, साच्यात भरायचा, विटांची रास डोक्यावर न्यायची, आणि अखेरीस हिशेब होतो तेव्हा पुष्कळदा उचल फिटलेली नसते. सरकारी दप्तरातला एक हुकूम एका संपूर्ण जमातीच्या शरीराची ठेवण बदलू शकतो, चढणाऱ्याला वाकवू शकतो. मनुष्याच्या हालचाली केवळ निसर्गाने ठरत नाहीत. त्या महसुलाने, मालकीने आणि कर्जानेही ठरतात.

बोरघाटातून उताराने उतरणाऱ्या आगगाडीच्या उतारूंना हे सहसा आठवत नाही की १८५६ ते १८६३ या सात वर्षांत तो मार्ग खोदताना ऐन भरात एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर कड्यांवर राबत होते, आणि पटकी, ताप व अपघात यांनी त्यांतले हजारो तेथेच संपले. सुरुंगाची भोके पाडण्यासाठी दोरावर लोंबकळणारे ते मजूर, केवळ हालचालीच्या दृष्टीने पाहिले तर, गिर्यारोहणाचे पूर्वाचार्यच म्हटले पाहिजेत. त्यांचे नावनिशाण राहिले नाही. लोकांनी घाटात शिंगरोबाचे देऊळ तेवढे राखले. इंग्रजांना वाट दाखवून त्यांच्याच गोळीला बळी पडलेला धनगर, अशी त्याची कथा सांगतात, आणि आजही गाडीवाले तेथे हात जोडून पुढे जातात.

माथेरानला वाहनांना बंदी आहे. ही बंदी त्या डोंगराचे सौंदर्य राखते म्हणून मला ती प्रिय आहे. पण दस्तुरी नाक्यापासून लाल मातीच्या चढावर माणसाला बसवून माणसानेच ओढायची हातरिक्षा त्या बंदीच्याच आडोशाने टिकली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांना विजेवरच्या रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. चढावर वजन ओढणे हा शास्त्रदृष्ट्या उत्कृष्ट व्यायाम आहे, हे कोणीही व्यायामशिक्षक सांगेल. तरीही न्यायालयाचा निर्णय ऐकून ज्याच्या मनाला समाधान वाटले नाही असा सहृदय मनुष्य विरळा. आणि त्या समाधानातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. हालचाल नैसर्गिक आहे एवढ्याने ती पवित्र होत नाही. ओझे खाली ठेवण्याची मोकळीक असेल तरच ओझे उचलणे ही साधना होऊ शकते. ती मोकळीक नसेल तर तोच भार, तोच चढ आणि तोच घाम यांना दास्य म्हणावे लागते.

आता ज्याला ही मोकळीक जन्माने, शिक्षणाने किंवा पैशाने मिळाली आहे, त्याच्या डोक्यावर उलट एक वेगळे ऋण चढते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही आपल्याला ठाऊक आहेत. मनुष्यऋणही शास्त्रकारांनी मोजले आहे. हजारो पिढ्या चालल्या, चढल्या, पोहल्या, ओझी वाहिली, म्हणून आपल्याला हा खांदा, हा तळवा आणि ही पकड मिळाली. ती वापरावाचून गंजू देणे ही जशी त्या ठेव्याची नासाडी, तशीच ती केवळ स्वतःच्या आरशापुढे वापरणे ही त्या ठेव्याची अफरातफर. हे ऋण फिटायचे कसे, याचे उत्तर खालापूर तालुक्याने १९ जुलै २०२३ च्या रात्री पाहिले.

त्या रात्री मुसळधार पावसात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी ठाकरांची, सडक तिथवर पोचलीच नव्हती, पायथ्यापासून निसरड्या पायवाटेने चढून जाण्यावाचून इलाज नव्हता. विज्ञानाने दिलेली सारी साधने त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही पायथ्याशी थांबून राहिली: माती उपसणारी अवजड यंत्रे चढू शकत नव्हती, धुक्या-पावसात हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हते. वर गेला तो माणूस, आणि माणूस जितके हातात व पाठीवर नेऊ शकेल तितकेच सामान. खोपोली-कर्जतकडची गिर्यारोहणाचा सराव असलेली मुले, आसपासच्या वाड्यांतले ठाकर, पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या, हे सारे कुदळ-फावडी घेऊन अंधारात चढले आणि हातांनी चिखल उपसू लागले. त्या चढावरच नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याला हृदयविकाराने मृत्यू आला. ज्या कामासाठी तो निघाला होता, त्या कामाला त्याने आपला देह वाहिला. चार दिवसांच्या शोधानंतर २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली, आणि त्या मातीलाच त्यांची समाधी मानून शोध थांबवण्यात आला.

त्या रात्री चढणाऱ्यांपैकी कोणाच्या दंडाचा घेर किती होता, कोण किती वजन उचलतो, हे विचारणे अप्रस्तुत होते. चिखलात तोल राहतो का, दम टिकतो का, अंधारात पाय वाट ओळखतात का, झोळीत घातलेला जखमी मनुष्य न हिंदकळता खाली आणता येतो का, एवढेच प्रश्न होते. आणि एबेरला सेंट-पिएरच्या राखेत जे उमगले, तेच येथे तांबड्या चिखलात सिद्ध झाले. रोजच्या सरावाला अर्थ देणारी घटका सांगून येत नाही, आणि ती येईल तेव्हा सराव करायला वेळ उरलेला नसतो.

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे शिकायला येतो. सर्व विद्या पदरी असूनही तो दुःखी आहे. सनत्कुमार त्याला नामापासून आरंभ करून एकेक पायरी वर नेतात, आणि विज्ञानाच्या वरची पायरी म्हणून चक्क बळ सांगतात. त्यावेळी ते जो क्रम लावतात तो विचार करण्याजोगा आहे: मनुष्य बलवान होतो तेव्हा उठतो, उठतो तेव्हा सेवा करतो, सेवा करता करता जवळ जातो, आणि जवळ गेला म्हणजे मग पाहतो, ऐकतो, मनन करतो, जाणतो. बळ आणि ज्ञान यांच्यामध्ये ऋषीने सेवा घातली आहे. बळापासून थेट ज्ञानाकडे जाणारी वाट त्याने ठेवलेली नाही. दुर्बलाला आत्मा लाभत नाही हे मुंडकोपनिषदाचे वचन आपल्या व्याख्यानांतून पुष्कळ ऐकू येते, आणि बहुधा ते छाती पुढे काढून ऐकवले जाते. छांदोग्यातला हा शांत क्रम मात्र क्वचितच कोणी सांगतो. मला तो अधिक खोल वाटतो, कारण त्यात बळाची कसोटी उठण्यात आहे, आणि उठण्याची कसोटी दुसऱ्याजवळ जाण्यात आहे.

किष्किंधाकांडाच्या शेवटी हीच गोष्ट कथारूपाने येते. समुद्र आडवा आला तेव्हा वानरवीर एकेक करून आपली उडी सांगू लागले. गज म्हणाला दहा योजने, गवाक्ष म्हणाला वीस, आणि आकडा असा चढत चढत अंगदाच्या शंभरापर्यंत गेला. पण परत येण्याची खात्री अंगदालाही नव्हती. मारुती या गणतीत नव्हता. तो एकीकडे मुकाट बसला होता. जांबवंताने त्याला त्याच्या सामर्थ्याची आठवण दिली तेव्हा तो वाढू लागला. आपल्या बळाचा आकडा सांगणारे काठावर राहिले आणि ज्याला आपले बळ आठवतही नव्हते तो दुसऱ्याचे कार्य समोर येताच उडाला, ही वाल्मीकींची रचना सहज झालेली नाही. मनगटावरच्या यंत्रात पावले, ठोके आणि उष्मांक मोजणाऱ्या आजच्या साधकाने ही कथा वारंवार वाचावी.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो येतो खालापूरच्या शेजारूनच. पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. गांधीजींच्या आश्रमाने शरीरश्रम हे व्रत मानले, आणि विनोबांनी ते कातण्यापासून पवनारच्या ऋषिशेतीपर्यंत आयुष्यभर पाळले. १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे ते पायी हिंडले. या दृष्टीने पाहिले तर प्रश्न सरळ आहे: ज्याला अंग वाकवायचे आहे त्याने खाचरात उतरून लावणी करावी, पीक न देणारा, वस्त्र न देणारा, नुसत्या हालचालीसाठी केलेला व्यायाम म्हणजे अन्नाची उधळपट्टी नव्हे काय? या आक्षेपाचा मला आदर आहे. परंतु खोपोलीच्या कारखान्यात पाळी करून घरी येणाऱ्या कामगाराला, किंवा कर्जतहून पहाटेची लोकल पकडून दिवेलागणीनंतर परतणाऱ्या कारकुनाला, खाचर आहे कोठे? त्याचे शरीर त्याच्या रोजगारापुरते संकुचित झाले आहे; ते रुंद ठेवण्यासाठी त्याने टेकडीवर चढावे, ओंडका उचलावा, विहिरीत सूर मारावा, यात उधळपट्टी नाही. अग्निशमन दल रोज आग विझवीत नाही, तरी रोज कवायत करते. सज्जता हेही एक उत्पादन आहे, फक्त त्याचे पीक केव्हा कापायचे हे आपल्या हाती नसते.

शिवाय हालचालीचा एक अंतर्मुख अर्थ आहे, आणि तो श्रमाच्या अर्थशास्त्रात मावत नाही. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या शतकांत तेथे राहणाऱ्या भिक्षूंना चालताना चालतो आहे, उभे असता उभा आहे, बसता-निजताना बसलो-निजलो आहे, याचे अखंड भान ठेवण्याची शिकवण होती. स्तूपाभोवतीचा प्रदक्षिणामार्ग म्हणजे पायांनी करायचे ध्यानच. तेथून फार दूर नाही तो ढाकचा बहिरी. हा देव कड्यातल्या गुहेत बसला आहे. कळकरायचा सुळका आणि ढाकचा कडा यांच्या मधली अरुंद खिंड उतरून, खाली खोल दरी सोडून, कातळाला बिलगत आडवे जावे लागते, आणि अखेरीस खोबण्यांत बोटे रुतवून सरळ वर चढावे लागते. त्या कातळावर मनुष्याला घरची काळजी, कचेरीतला अपमान, उद्याचा बेत यांपैकी काहीही बरोबर नेता येत नाही; डावा पाय कोठे आहे आणि उजव्या हाताची पकड पक्की आहे की नाही, एवढेच विश्व शिल्लक राहते. योगशास्त्र ज्या एकाग्रतेचा खटाटोप करते ती भय आणि तोल यांनी येथे क्षणभर फुकट दिलेली असते. पण ती क्षणभराचीच, आणि म्हणून मी तिला समाधी म्हणणार नाही. वर गुहेत देवाची भांडी असतात. आलेल्याने त्यांत शिजवून खावे आणि घासून, धुऊन, पुढच्यासाठी होती तशी ठेवून जावे, हा तेथला शिरस्ता. कड्यावर लाभलेली एकाग्रता खरी की खोटी, हे ती भांडी घासताना कळते, असे मला वाटते.

राहिला प्रश्न ज्यांना चढता येत नाही त्यांचा. बळाचे प्रयोजन सेवा असेल तर वृद्ध, पंगू, रोगी हे धर्माच्या बाहेर पडले काय? जांबवंताचे उत्तर पुरेसे आहे. तोही आपली उडी सांगतो, नव्वद योजने. तरुणपणी त्रिविक्रमाला प्रदक्षिणा घातल्याचे आठवतो. आता शरीर थकले हेही सांगतो, आणि मग जे त्या साऱ्या सैन्यात दुसऱ्या कोणाला सुचले नव्हते ते करतो: ज्याच्या अंगी सामर्थ्य आहे त्याला ते दाखवून देतो. वाडीतला म्हातारा ठाकर आता मोळी उचलत नाही. पण ओढ्याला लोंढा असता कोठून पार व्हावे आणि कोणत्या घळीत पावसाळ्यात पाऊल टाकू नये, हे त्यालाच विचारावे लागते. वाहून नेणारा आणि वाहून नेला जाणारा यांच्यातही मला उच्चनीचता दिसत नाही. झोळीत जो आहे त्याने विश्वास दिला म्हणूनच खांद्यावरच्या काठीला अर्थ आला.

आणि तरीही सनत्कुमार बळावर थांबत नाहीत. बळाहून मोठे काही आहे काय, असे नारदाने विचारताच ते लगेच पुढची पायरी सांगतात: अन्न. दहा दिवस मनुष्य जेवला नाही तर तो जगला तरी पाहणारा, ऐकणारा, जाणणारा राहत नाही, असे ते अगदी रोखठोकपणे सांगतात. कर्जत हे नाव कृषिसंशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या वाणांमुळे साऱ्या कोकणाला ठाऊक आहे. आणि त्याच कर्जत तालुक्याचे नाव आदिवासी वाड्यांतील कुपोषित बालकांच्या बातम्यांतही वर्षानुवर्षे येते. भट्टीवर जन्मलेल्या, आईच्या पाठीवर विटांच्या धुळीत वाढलेल्या कातकऱ्याच्या पोराला चढणे, धावणे, पोहणे कोणी शिकवण्याची गरज नाही; ते त्याच्या रक्तात आहे असे आपण कौतुकाने म्हणतो, पण रक्तात आधी रक्त असावे लागते. नैसर्गिक व्यायामाचे तत्त्वज्ञान सांगण्यासाठी जे या डोंगरांत येतील त्यांना ही पायरी वगळून पुढे जाता येणार नाही. आपल्या तालमींनी ती कधी वगळली नव्हती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला आश्रय दिला तो आखाडे बांधून थांबला नाही. पहिलवानांचा खुराक दरबारातून चाले, दूध, तूप, बदाम यांचा जमाखर्च दप्तरात लिहिला जाई. खुराकाची तजवीज आधी आणि जोर-बैठका मागून, हा शिरस्ता अंगणवाडीच्या ताटाला, आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराला आणि गरोदर बायांसाठी चाललेल्या अमृत आहार योजनेला लावायचा झाला तर कोणत्याही धर्मग्रंथाची आडकाठी येत नाही. लागतो तो धान्य वेळेवर पोचवणारा माणूस, आणि वाडीला अजून सडक नसेल तेथे ते पाठीवर घेऊन चढणारा.